१२० ग्रॅमचं पाकीट

उत्क्रांती म्हटलं की डोळ्यासमोर ते ठरलेलं चित्र येतं. डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, आणि शेवटी ताठ चालणारा माणूस. (त्याच्याही पुढे कॉम्प्युटरसमोर पुन्हा वाकलेला माणूस जोडलेला फॉरवर्ड तुम्हालाही शंभरदा आला असेलच.) चित्रासोबत एक समजूतही येते. ही सगळी लाखो वर्षांची भानगड, आफ्रिकेत नाहीतर गॅलापागोस बेटांवर घडलेली, आपला काय संबंध? मंडळी, आपला फार जवळचा संबंध आहे. उत्क्रांतीचा एक पूर्ण प्रयोग माझ्या वाशिम जिल्ह्यात, आणि सगळ्याच वऱ्हाडात, गेल्या वीसेक वर्षांत झाला. त्याची किंमत माझ्या नात्यातल्या लोकांनी रोख मोजली. आज त्याचीच गोष्ट.

आधी थोडा भूगोल, कारण पुण्यात 'वाशिम' म्हटलं की लोक "ते कुठे आलं?" विचारतात. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजांच्या काळात बासिम जिल्हा होता, तो १९०५ साली अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. ह्या जिल्ह्यात कारंजा (लाड) नावाचं गाव आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली इथे सुरू झाला असं शेतीमाल-पणनाच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर असतं. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना इथला कापूस पाहिजे होता, तोही भेसळ नसलेला, नीट मोजलेला. म्हणून बाजाराला नियम आले. थोडक्यात, आमच्याकडे कापूस म्हणजे नुसतं पीक नव्हतं, तो रोख पैसा होता. पोरीचं लग्न, पोराची फी, सावकाराचं व्याज, सगळं 'कापूस निघाल्यावर'.

आता ह्या गोष्टीतला दुसरा हीरो. खरं तर व्हिलन. गुलाबी बोंडअळी. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. सॉंडर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही बया आपल्या जुन्या ओळखीची आहे. नखाएवढा करडा पतंग फुला-बोंडाजवळ अंडी घालतो, बारीक अळी बोंडात शिरते, आणि आत शिरली की वरून काय वाटेल ते फवारा, तिला ढिम्म फरक पडत नाही. आत बसून ती सरकी खाते. बोंड फुटतं तेव्हा पांढऱ्याशुभ्र कापसाऐवजी पिवळट, चिकटलेली कवडी हाती येते. तिला व्यापारी भाव पाडूनच घेतो.

तरी नव्वदच्या दशकात खरी दहशत हिची नव्हती. ती होती हिरव्या अमेरिकन बोंडअळीची, हेलिकोव्हर्पाची. तिच्यावर एकेक कीटकनाशक निकामी होत गेलं होतं. फवारण्या वाढत होत्या, कर्ज वाढत होतं. ह्या पार्श्वभूमीवर मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीने महिको-मॉन्सॅंटोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं एक प्रथिन, क्राय १एसी, बोंडअळीच्या आतड्याला भोकं पाडतं. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच औषध बनवतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बोलगार्ड-२ आलं (क्राय १एसी अधिक क्राय २एबी). त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत वाशिमही होता. अशा वेळी अळी मारणारं बियाणं मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? दशकभरात देशातली ९० टक्क्यांच्या वर कपाशी बीटी झाली. आणि पहिली काही वर्षं ते चाललंही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. बीटीला सरसकट शिव्या घालणारे हे विसरतात.

मग ते चालेनासं झालं. का? माझे मामा मंगरूळपीरच्या बाजूला शेती करतात. त्यांचं उत्तर एका वाक्याचं आहे. "अयीले सवय झाली, भाचेबुवा." (वऱ्हाडीत अळीची अयी होते, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी.)

हे वाक्य तुम्ही कृषी सेवा केंद्रात, बातम्यांमध्ये, कुठेही ऐकाल. ऐकायला पटतं पण असं होत नाही. अळीला सवय लागत नाही. अळीने बीटीचं बोंड खाल्लं की ती मरते, आणि मेलेल्याला कसली सवय? खरी गोष्ट अशी की लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच वेगळी असते. आतड्यातल्या ज्या प्रथिनाला विष जाऊन चिकटतं, कॅडहेरिन त्याचं नाव, ते तिच्यात बिघडलेलं असतं. कुलूपच मोडकं, मग किल्ली कशी लागणार? हा बिघाड बीटी येण्याआधीही अधूनमधून होत असणार. तेव्हा त्याचा उपयोग शून्य, झाला तर थोडा तोटाच. मग रानंच्या रानं विषारी झाली आणि हीच बिघडलेली अळी एकटी मालकीण ठरली. एकही अळी बदलली नाही. बदललं ते अळ्यांच्या लोकसंख्येतलं प्रमाण.

उत्क्रांतीची आधुनिक व्याख्या एवढीच आहे. लोकसंख्येत जनुकांच्या प्रकारांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलणं. हे गणित बसवायला सुरुवात केली ती १९०८ साली जी. एच. हार्डीने. हो, तोच, रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. पनेट नावाच्या त्याच्या क्रिकेटमधल्या मित्राने एक शंका विचारली, म्हणून त्याने एक छोटं पत्र लिहून टाकलं. जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरने तेच स्वतंत्रपणे मांडलं होतं. गणित दहावीचं आहे, घाबरू नका.

प्रत्येक अळीकडे ह्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी किती वेळा सापडेल? हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. आणि एकच प्रत बिघडलेली? हजारात जवळजवळ दोन. म्हणजे बिघडलेली जनुकं जवळपास सगळीच्या सगळी ह्या 'अर्धवट' अळ्यांमध्ये लपलेली असतात. ह्या अळ्यांना बीटीचं पुरेसं तीव्र विष मारू शकतं. पूर्ण प्रतिकारक फक्त ती दहा लाखांतली एक.

आता खरी युक्ती बघा. शेत पूर्ण बीटी असेल तर वाचलेल्या मोजक्या प्रतिकारक पतंगांना जोडीदार मिळणार तोही वाचलेला, म्हणजे प्रतिकारकच. पोरंबाळं सगळी प्रतिकारक. खेळ खलास. पण बाजूला थोडी साधी, बिनबीटी कपाशी असेल तर तिथे हजारो साधे पतंग सुखाने वाढतात. प्रतिकारक पतंगाची गाठ शक्यतांच्या हिशोबाने साध्याशीच पडणार. त्यांची पोरं अर्धवट, आणि अर्धवट पोरं बीटी खाऊन मरणार. म्हणजे थोड्या अळ्या मुद्दाम जगू द्यायच्या, कशासाठी तर औषध टिकावं म्हणून. ह्या बिनबीटी पट्ट्याला 'रेफ्युजी' म्हणतात. कायद्याने तो बंधनकारक होता. शेताभोवती पाच ओळी किंवा २० टक्के रान, जे जास्त असेल ते. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं वेगळं पाकीट मिळायचं.

त्या पाकिटाचं काय केलंत, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "काय करतो बाप्पा? पाच एकरात एक एकर अयीले दान द्याचं का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मामा अडाणी नाहीत. हिशोब त्यांचा बरोबर आहे. त्यांनी एक एकर सोडला आणि शेजाऱ्याने नाही सोडला, तर नुकसान मामांचं आणि फायदा (असलाच तर) सगळ्या पंचक्रोशीचा. पतंगाला बांध कळत नाही. शिवाय त्या पाकिटातल्या बियाण्याच्या दर्जाबद्दलही तक्रारी होत्याच. देशभर बहुतेकांनी तेच केलं, पाकीट बांधावर फेकलं. नियम करणाऱ्यांना ५०० एकरांचे अमेरिकन फार्म डोळ्यासमोर होते की काय कोण जाणे. पाच एकरवाल्याने स्वतःच्या खिशातून सार्वजनिक विमा भरावा, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

किती फरक पडला असता? एका शनिवारी मी पायथनमध्ये वीसेक ओळींचं खेळणं लिहिलं. गृहीतकं अगदी सरळ. सुरुवातीला हजारात एक बिघडलेली प्रत, अर्धवट अळ्या बीटीवर शंभर टक्के मरतात, पतंग कुणाशीही जोडी जमवतात, हंगामात पाच पिढ्या. बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण निम्म्यावर यायला किती पिढ्या लागतात ते मोजलं. २० टक्के रान बिनबीटी असेल तर साधारण २५० पिढ्या, म्हणजे पन्नास वर्षं. पाच टक्के असेल तर साठच्या आतबाहेर, बारा वर्षं. एक टक्का असेल तर पंधराएक, म्हणजे तीन वर्षं! खरं रान ह्या खेळण्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं असतं, पण आकड्यांचा उतार बघा. २० वरून १ टक्क्यावर आलो तर आयुष्य पन्नासावरून तीन वर्षांवर.

प्रत्यक्षात आठ लागली. मार्च २०१० मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी क्राय १एसीला दाद देत नाही. पुढे भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या अळ्यांचं कॅडहेरिन जनुक तपासलं गेलं, त्यावरचा निबंध २०१४ मध्ये आला. मला वाटलं होतं एखादा बिघाड सापडेल आणि तो सगळीकडे पसरलेला असेल. सापडले आठ वेगवेगळे! एकच कुलूप आठ जागी आठ तऱ्हांनी मोडलेलं. लोकसंख्या अफाट असली की उत्परिवर्तनाचं तिकीट कुणाला ना कुणाला लागतंच. आपण जिंकू की नाही हे नशीब, पण कुणीतरी जिंकणार हे नक्की.

इथे एक प्रश्न पडायला हवा. मूळ निशाणा होता हिरवी बोंडअळी. तिच्यासाठीही कुणी रान सोडलं नव्हतं. मग ती का नाही अशी उठली? उत्तर बांधावरच उभं आहे. तूर! हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, तिला काहीही चालतं. वऱ्हाडात कपाशीत तुरीचे तास असतात, रब्बीत हरभरा असतो. म्हणजे न मागता, न कळता, हजारो एकरांचा रेफ्युजी तिच्यासाठी तयारच होता. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते, फार तर भेंडी वगैरे. तिला दुसरं घरच नाही. सगळी कपाशी बीटी केली म्हणजे तिच्यापुढे 'बदल किंवा मर' एवढेच पर्याय ठेवले. आपल्या शेतकऱ्याची मिश्र पिकाची जुनी सवय एका अळीपुरती कामाला आली, दुसरीपुढे निरुपयोगी ठरली. ही तुलना मला ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर वाटते. (सुंदर हा शब्द मामांसमोर वापरणार नाही.)

दुसरी भानगड बियाण्याची. जगात इतरत्र बीटी बहुतेक करून सरळ वाणांत आहे. भारतात ते आलं संकरित वाणांत, कारण संकरिताचं बी घरी राखून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. धंद्याला हे उत्तम. आता संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, एका पालकाकडून आलेली. मग त्या झाडाच्या बोंडात ज्या सरक्या तयार होतात, त्यांत मेंडेलच्या हिशोबाने चारातली एक बिनबीटी! आणि आपली ही बया नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात विषारी तीन, गोड एक. पाव विष, अर्धं विष, असं चाखत चाखत अर्धवट अळ्याही जगून जाऊ शकतात, आणि रेफ्युजीचं सगळं गणित तर अर्धवट अळ्या मरण्यावर उभं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती हे सातत्याने मांडत होते. त्यात हे संकरित वाण लांब मुदतीचे. पाणी असलं की डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घ्यायची, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. झाडातलं विष उतरत गेलेलं आणि अळीला मात्र अखंड जेवण.

बोलगार्ड-२ ची कल्पना होती की दोन कुलपं एकदम मोडलेली अळी जवळपास अशक्य. बरोबरच आहे, पण दोन्ही कुलपं शाबूत असताना. एक आधीच मोडलेलं, तर दुसऱ्यावर एकट्याचा भार. क्राय २एबीला दाद न देणाऱ्या अळ्यांत वेगळंच जनुक बिघडलेलं आढळलं, एबीसीए२ नावाचं. २०१५ ला गुजरात, आणि २०१७ ला आपण.

२०१७ च्या दिवाळीत मी गावी होतो. शेत लांबून हिरवंगार, बोंडांनी लदलेलं. मामांनी एक बोंड तोडून हातात दिलं आणि म्हणाले, "फोड." आत गुलाबी, अर्ध्या इंचाची, आरामात बसलेली. दुसरं फोडलं. तिसरं. मामी म्हणाल्या, "राहू द्या आता, पोट्टं सुट्टीवर आलं." वेचणीला बायका यायला तयार नव्हत्या, कारण कवडी वेचायला वेळ दुप्पट आणि वजन निम्मं. त्याच पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती, नुसती गुलाबी अळी नव्हे, पण झाडच औषध बनवतं म्हणून घेतलेल्या पिकावर माणसं पाठीवर पंप घेऊन मरत होती, हे कुठे मांडायचं? डिसेंबरात नागपूर अधिवेशनात बोंडअळीग्रस्तांना मदत जाहीर झाली.

हे टळलं असतं का? ॲरिझोनात टळलं. तिथे १९९६ पासून बीटी होतं, अळी हीच. शेतकऱ्यांनी रेफ्युजी पाळला, २००६ पासून विमानांतून वांझ पतंग सोडले, आणि २०१८ साली अमेरिकेने ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. तिथल्या मोठ्या शेतांची आपल्याशी तुलना नको म्हणाल, तर चीन घ्या. यांगत्सेच्या खोऱ्यात आपल्यासारखेच छोटे शेतकरी. तिथे रेफ्युजीचा नियमच नव्हता आणि प्रतिकार वाढूही लागला होता. पण पुढे शेतकरी संकरित कपाशीचं दुसऱ्या पिढीचं स्वस्त बी पेरू लागले. त्यात चारातलं एक झाड पूर्ण बिनबीटी! झाडंच्या झाडं, एका बोंडातली सरमिसळ नव्हे. नकळत २५ टक्के रेफ्युजी तयार झाला आणि प्रतिकार चक्क मागे हटला. हा निबंध २०१७ च्याच वर्षातला आहे. वाचला तेव्हा मामांचं ते फोडलेलं बोंड आठवलं आणि चिडचिड झाली. कारण चीनमधल्या शेतकऱ्याने कुठलाही त्याग केला नव्हता. त्याच्या बियाण्याची पद्धत तशी होती, एवढंच.

आपल्याकडे पुढे पाकीट वेगळं न देता पिशवीतच साधं बी मिसळायला सुरुवात झाली. कल्पना चांगली, पण अळी दोन्ही विषांना पुरून उरल्यावर! बैल गेला नि झोपा केला. आता भर आहे तो विष सोडून बाकी गोष्टींवर. मे महिन्यात पेरायचं नाही, डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची, फरदड बंद, जिनिंगमध्ये आणि शेतात कामगंध सापळे. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग दिसले की मगच फवारणी. ह्यातही शेजाऱ्याने फरदड ठेवली तर तुमचं उपटणं अर्धं वाया, म्हणजे गणित पुन्हा तेच.

वाशिम जिल्ह्यात खरिपात आता सोयाबीनचं राज्य आहे. कपाशी उरलीय ती मुख्यतः कारंजा, मानोरा, मंगरूळपीर बाजूला. मामांनीही पाच एकरांतली दोनच ठेवलीय, बाकी सोयाबीन आणि तूर. सापळ्यातल्या पतंगांचे फोटो ते मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, खाली फक्त आकडा. गेल्या आठवड्यात पाच होता.